पाइप कोण धरणार

मी टँकर मागवायची वेबसाइट बनवली आणि पहिल्याच सकाळी आमच्या पाणीवाल्याचे सगळे टँकर माझ्या सीनियरच्या बंगल्यावर पाठवले.

चुकून. मुद्दाम पाठवले असते तर आज कॉलर वर करून सांगितलं असतं. पण मुद्दाम करायची अक्कल तेव्हा नव्हती.

तो उन्हाळा असा होता की जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला आठ आठ दिवस पाणी नाही, आणि तरी बीड बायपासच्या कडेनं नव्या नव्या इमारती उगवत होत्या. आधी इमारत, पाण्याचं मग बघू. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. एका पाणीवाल्यानं आमच्या कंपनीला सांगितलं, लोक फोन करकरून डोकं खातात, वेबसाइट करा, लोकांनी तिथंच पत्ता टाकावा आणि तो सरळ ड्रायव्हरच्या मोबाइलवर जावा. कंपनी म्हणजे सिडकोत एका दवाखान्याच्या माडीवर दोन खोल्या. ते काम माझ्याकडं आलं.

वेबसाइट चालते की नाही ते बघायला आधी एक खोटा पत्ता टाकून बघावा लागतो. मी माझा टाकला असता. पण मी राहायचो बजाजनगरात, एका खोलीत तिघं, आणि पत्ता म्हणजे ‘पिठाच्या गिरणीमागं, पत्र्याचा जिना’. तो माझ्याच वेबसाइटला पटेना. प्लॉट नंबर, गल्ली, पिनकोड असा सभ्य पत्ता मला एकच पाठ होता. शिरीष सरांच्या बंगल्याचा. त्यांचा विसरलेला चार्जर, विसरलेला डबा, विसरलेला गॉगल मी कैकदा तिथं पोचवून आलेलो. तोच पत्ता टाकला. कोडचा तो तुकडा जिथं लागेल तिथं चिकटवत गेलो. काम झाल्यावर सगळीकडून काढला, एका जागी राहिला. नेमका तिथं, जिथून ड्रायव्हरला पत्ता जायचा.

सकाळी गारखेड्यातल्या त्या गल्लीत टँकरांची रांग. सरांच्या आई एकेका ड्रायव्हरला सांगतायत, अहो आम्ही नाही मागवला. ड्रायव्हर मोबाइल दाखवतोय. शेजारच्या बायका हंडे, बादल्या, पोरांना न्हाऊ घालायचे टब, जे सापडेल ते घेऊन आल्या. एका ड्रायव्हरनं वैतागून बंगल्याच्या हौदात पाइप सोडला, तर पाणी पोर्चमधून फाटकाबाहेर आलं. त्या उन्हाळ्यात त्या गल्लीइतकं सुखी कुणी नसेल. आणि ज्यांनी टँकर मागवले होते ते रिकामे पिंप घेऊन उभे.

शिरीष सर. तेव्हा मी त्याला ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचो. इथून पुढं ‘तो’ म्हणणार आहे.

त्याचे आजोबा निजामाच्या कचेरीत होते, वडील बँकेत. हा पुण्याला शिकून परत आलेला. आमच्या घरात सगळ्यांचं अक्षर वळणदार, हे तो अधूनमधून काही कारण नसताना सांगायचा. आम्हाला नावानं हाक मारायचा नाही. मी पिशोरचा, म्हणून मी ‘पिशोर’. अश्विनी वेरूळची, तिचे वडील लेण्यांसमोर टोप्या आणि फोटोंचे संच विकायचे, म्हणून ती ‘वेरूळ’. त्याचा सख्खा भाचा सोहम आमच्याबरोबरच लागला होता. त्याला मात्र सोहम म्हणायचा. तो कुठल्याच गावाचा नव्हता.

दुपारी त्यानं मला उभं केलं. माझा कोड प्रोजेक्टरनं भिंतीवर लावला आणि मोठ्यानं वाचायला लागला. साध्या आवाजात नाही. पिशोरच्या आवाजात. कोडमध्ये पत्ते ठेवायच्या डब्यांना मी नावं दिली होती: पत्ता, पत्ता दोन, नवा पत्ता, लई नवा पत्ता. होय, दिली होती. ‘लई नवा पत्ता’ त्यानं परत परत वाचला, हेल काढून, मान हलवत. एकच तुकडा इथं तिथं चिकटवलेला दाखवला. ओळी आतबाहेर, वेड्यावाकड्या. सगळं खरं. कोड घाणच होता.

मग म्हणाला, “अक्षरावरून घर कळतं. कोडवरून गाव कळतं.”

सगळे हसले.

मीही हसलो.

टँकर कुठं गेले ते सांगताना मला लाज वाटत नाही. हे सांगताना वाटते. माझ्या गावाला तो तोंडावर बोलला आणि मी दात काढले. वर स्वतःच्या पदरचं जोडलं, “सर, बरं झालं गाव पिशोर, अजून आतलं असतं तर समुद्रात टँकर गेले असते.” आणखी हशा. मी ऑफिसचा गमत्या होतो. आपल्यावर आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं लागत नाही, असा माझा समज. लागतंच. फक्त लागलेलं दिसत नाही, म्हणून पुढचा अजून जोरात मारतो.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. आमच्या इमारतीचा टँकर. पाइप धरणारा वॉचमन काम सोडून गेल्यापासून शिरीषनं एक पद्धत पाडली होती. ज्याचा कोड त्या आठवड्यात वाईट, त्यानं खाली जाऊन टँकरचा पाइप हौदात धरायचा. म्हणायला गंमत. कोड वाईट कुणाचा, हे ठरवणार तो.

“पिशोर, जा. पाइप धर. तुला सवय असेल.”

मला सवय नव्हती. मी जन्मात टँकरचा पाइप धरला नव्हता. आमच्या मळ्यात विहीर, आणि पाणी शेंदायला आई आणि बहीण. मी ओट्यावर बसून अभ्यास करणारा लाडका. हे त्याला सांगायला हवं होतं, पण त्यातही माझी अब्रू वाढली नसती.

खाली रहीमभाई ड्रायव्हर. त्यांनी कॉक उघडला आणि तो पाइप माझ्या हातातून असा उसळला की पहिलं पाणी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या पेशंटांवर. दुसरं माझ्यावर. तिसरं रस्त्यावर. रहीमभाई म्हणाले, “इंजिनेर साब, पाइप है, साप नक्को समझो.” त्या भिजलेल्या पेशंटांत आमच्या गावचे दत्तूमामा होते. गुडघे दाखवायला आलेले. त्यांनी तोंड पुसलं आणि मला ओळखलं.

“शिकून ह्येच का रं?”

मी म्हणालो, मामा, पाण्याची इंजिनिअरिंग करतोय. मामा हसले नाहीत. माझ्या विनोदावर न हसलेला तो पहिला माणूस. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. पाऊस नाही, चारा नाही, गाय विकावी का, सगळं बोलून झाल्यावर अगदी शेवटी त्यांनी विचारलं, “काम टेबलावरचंच हाय ना?” मी व्हय म्हणालो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मी. त्याच्या पुढच्या आठवड्यात अंबडचा एक पोरगा. मग पुन्हा मी. मला काही वेगळं वाटत नव्हतं. माझा कोड वाईट होताच, आणि रहीमभाईंशी माझं जमायला लागलं होतं. अजून थोडे दिवस असंच गेलं असतं तर मी त्यातही चार किस्से काढले असते.

मग त्यानं अश्विनीला पाठवलं.

अश्विनीचा कोड म्हणजे घासून पालथं घातलेलं भांडं. एका कामाला एक तुकडा, नाव वाचलं की काम कळणार. तिचा दोष काय, तर ती महिरपी कंस खालच्या ओळीवर उघडायची आणि त्याला तो वरच्या ओळीच्या शेवटी हवा असायचा. एवढंच. दोन्ही रीती जगात चालतात. एका ऑफिसात एकच असावी, हेही बरोबर. पण तो म्हणाला, “वेरूळ, तुझी लेणी जरा तासून आण. आणि खाली जा.” त्याच आठवड्यात सोहमच्या कोडनं एका शाळेची आख्खी साइट बंद पडली होती. पालक फोन करत होते. त्यावर तो म्हणाला होता, “होतं असं, दडपण असतं.”

अश्विनी गेली. दवाखान्यापुढची माणसं बघत राहिली. ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत भिजलेली, ओढणी पिळत. मी सवयीनं काहीतरी बोललो, लेण्यात पाणी शिरलं वगैरे. दोघंतिघं हसले.

ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “तू हसतोस ना, म्हणून त्याला जमतं.”

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते खाली उतरवायला मला वेळ लागला.

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि शिकायला लागलो. ज्ञानाची तहान वगैरे नव्हती. सूड होता. त्याचं एकही वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं, आणि त्याला मात्र ऐकवायचं होतं. एक गोष्ट एकाच जागी लिहायची. नाव असं द्यायचं की सहा महिन्यांनी आपणच आपल्याला शिव्या देऊ नये. तुकडा लांबला की तोडायचा. अश्विनी शेजारी बसून दाखवायची, चुकलो की टपली मारायची. चांगला कोड दिसायला सुंदर म्हणून चांगला नसतो. पुढच्या माणसाला त्यात हात घालताना भीती वाटत नाही, म्हणून चांगला. हे मला त्यानं कधी सांगितलं नाही. त्याला भीती हवीच होती.

वाचता यायला लागल्यावर मी पहिलं काय वाचलं असेल? त्याचा कोड.

जालना रोडएवढी लांब फंक्शनं, म्हणजे एकेका कामाचे तुकडे. मधेच वळण, मधेच खड्डा, कुठं जातंय पत्ता नाही. एकच तुकडा जागोजागी. तो माझ्यासारखाच चिकटवायचा. फक्त त्याच्या डब्यांना इंग्रजी नावं होती, आणि भिंतीवर तो कधी लागला नव्हता.

तेव्हा मला जाळं सुचलं. आयुष्यात सुचलेली एवढीच हुशारी, म्हणून सविस्तर सांगतो.

चहाच्या टपरीवर मी त्याला लाडीगोडी लावली. सर, तुमचे नियम मला नीट सांगा, सगळ्यांनीच तसं लिहावं. तो फुलला. कंस कुठं, ओळ किती लांब, तुकडा केवढा, एकच मजकूर दोनदा नको, सगळं सांगत बसला. चहा त्यानं पाजला. ते सगळे नियम मी एका तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरले. असे प्रोग्रॅम तयार मिळतात, मी काही शोध लावला नाही. कोड साइटवर चढायच्या आधी तो वाचतो, नियम मोडला असेल तर अडवतो आणि लाल दाखवतो. आम्ही त्याला तपासनीस म्हणायचो. मग मी मालकाकडं गेलो. मालक प्लॉटिंगमधून आलेला माणूस, कोड कळायचा नाही, पण लाल आणि हिरवं कळायचं. मी म्हणालो, हा असता तर टँकरची भानगड झाली नसती. मालकाला तेवढं पुरे. मग सगळ्यांसमोर मी अजून एक सुचवलं. ज्याचा कोड अडकेल त्याचं नाव प्रोजेक्टरनं भिंतीवर येऊ दे, आणि टँकर येईल तेव्हा भिंतीवर जो असेल त्यानं पाइप धरायचा.

“वा,” तो म्हणाला. “शिस्त लागेल तुम्हाला.”

तुम्हाला.

सुरुवातीला माझंच नाव यायचं. मुकाट गेलो. अंबडवाला गेला. सोहम एकदा अडकला, त्या दिवशी त्याला ताप आला. मी शिरीषची वाट बघत होतो. तो नवीन कामं आमच्याकडून करून घ्यायचा, स्वतःच्या जुन्या कोडला हात लावायचा नाही, म्हणून सुटत होता. हात लावला की तपासनीस आख्खी फाइल वाचणार, हे मला ठाऊक होतं.

वेरूळच्या रस्त्यावर एक मोठं हॉटेल उघडत होतं. बाहेर माणसं घागरीसाठी भांडतायत आणि आत पोहण्याचा तलाव. त्यांच्या बुकिंगच्या साइटचं काम आम्हाला मिळालं, आणि त्यासाठी त्यानं आपला जुना बुकिंगचा कोड काढला, दोन ओळी बदलल्या आणि चढवला.

भिंत लाल झाली. वरपासून खालपर्यंत लाल. आणि वर त्याचं नाव. तपासनिसाला सर म्हणता येत नव्हतं. नुसतं नाव आणि आडनाव.

खाली हॉर्न वाजला.

“मशीनला काय कळतं,” तो म्हणाला. “बंद करा ते.”

“सर, नियम तुमचेच आहेत,” मी म्हणालो.

त्यानं दारात उभ्या मालकाकडं बघितलं. मालक हात झटकत म्हणाला, “जाऊ द्या हो, हा सगळा पोरकटपणा आहे. उद्यापासून पाइपला एक माणूस ठेवू.” मग माझ्याकडं वळून, “आज तू जाऊन ये.”

आम्ही जात होतो तेव्हा ती शिस्त होती. त्याच्यावर वेळ आली की पोरकटपणा. आणि पोरकटपणा संपवायला शेवटचा कोण जाणार, तर मीच. मी भिजलो होतो, दत्तूमामा भिजले होते, अश्विनी भिजली होती, तेव्हा माणूस ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

“मी जाणार नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“भिंतीवर माझं नाव नाही.”

मालकानं अश्विनीकडं बोट केलं. “माझं बी नाय,” ती म्हणाली आणि टाइप करत राहिली. अंबडवाल्यानं तर कानात हेडफोन घातले. सोहम मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मालक मला म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. बजाजनगरात खोलीचं भाडं, गावाकडं गाय, वडिलांना सांगितलेलं की काम टेबलावरचं आहे. तरी मी म्हणालो, “येईन. आणि इथंच बसेन.”

रहीमभाई जिना चढून वर आले. “क्या लोगां है जी तुम. कोई आ रा क्या? नै तो मैं चला, आगे औरतां हंडे लेको खडी हैं.”

कुणी उठलं नाही. ते गेले. त्या पाण्यानं पुढच्या गल्लीतले हंडे भरले असतील, मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्याकडं दुपारनंतर संडासाला कुलूप. पुढच्या खेपेपर्यंत सगळे घरून बाटल्या आणत होते, हॉटेलवाला फोनवर फोन करत होता, भिंत लालच होती, आणि ती हिरवी करणारे आम्ही तिघं हाताची घडी घालून बसलेलो. मला काढून टाकायचं मालक एव्हाना विसरला होता. पुढचा टँकर आला तेव्हा तोच दमलेल्या आवाजात म्हणाला, “शिरीष, जाऊन या हो. मिटवा एकदाचं.”

तो उठला. बूट काढावेत की नको, हे ठरवता येईना. तसाच गेला.

मी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो. पाइप उसळला. इस्त्रीचा शर्ट, पँट, चष्मा, सगळं. बाकावरचे पेशंट पाय वर घेऊन बघत होते. अशा वेळी माणसाला दया येते, असं लिहायची रीत आहे. मला आली नाही. चहा मी हळूहळू प्यालो. आणि वरून ओरडून सांगितलं, “घट्ट धरा. सवय होईल.”

त्यानं वर बघितलं. तो चेहरा मी अजून काढून बघतो, कधी मन खट्टू झालं की.

काही महिन्यांनी तो पुण्याला गेला. गेला त्या आठवड्यात त्याची जालना रोडसारखी फंक्शनं आम्ही तिघांनी तोडून तोडून नीट केली. एक ओळसुद्धा त्याची ठेवली नाही. आज त्याच्या खुर्चीवर मी बसतो. बायपासच्या पलीकडं शहर डोंगराला जाऊन टेकलंय, आणि टँकर अजून येतात. मालक दर उन्हाळ्यात म्हणतो, पाइपला माणूस ठेवू. मी ठेवू देत नाही. गावाकडून नवीन पोरं येतात, पहिल्या दिवशी मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. इथं कुणाचा कोड कुणी त्याच्या गावाच्या आवाजात वाचणार नाही. आणि भिंतीवर ज्याचं नाव, तो खाली जाणार, मग तो कुणाचा भाचा असो, कुणाचा मालक असो. मालक स्वतः एकदा एक बटण बदलायला गेला आणि जाऊन आला. माफी मी कुणाला देत नाही. मला कुणी दिली नव्हती.

परवा एका टाउनशिपची साइट चढवत होतो. घाई होती. एक तुकडा इथला तिथं चिकटवला, म्हटलं नंतर बघू. भिंत लाल झाली. माझं नाव, आडनावासकट. नवी पोरं खाली माना घालून चोरून माझ्याकडं बघायला लागली, की आता हा काय करतो. खाली हॉर्न वाजला. मी उठलो, बाह्या सरसावल्या, आणि चार लोकांसमोर जरा तोऱ्यात म्हणालो, मला काय, मला सवय आहे.

अश्विनीनं मान वर न करता म्हटलं, “सवय म्हणं. गेल्या खेपेला अर्धा टँकर रस्त्यावर सांडवलास.”